लेकीगत

पासलीच्या साळूबाईनं मला जेवढं भंडावलं तेवढं माझ्या तीस वर्षांच्या अर्जनविशीत दुसऱ्या कुणी भंडावलं नाही. भावकीचे तंटे, बांधावरच्या मारामाऱ्या, नांदायला न येणाऱ्या बायका, सगळ्यांचे अर्ज मी लिहिले. वेल्ह्याच्या बाजारात एसटी थांबते तिथं माझं टेबल असायचं. माणूस यायचा, सांगायचा, मी लिहायचो, तो अंगठा उठवून जायचा. साळूबाई आली की मात्र माझं डोकं फिरायचं, कारण ही बाई एक वाक्य सरळ बोलत नव्हती.

"जमीन केवढी?" मी विचारायचो.

"चार खाचरं. वरनं खाली पायऱ्या उतरल्यागत."

"पायऱ्या राहू देत. बांध कुठून कुठं जातो ते सांग."

"वड्यापासनं निघतो, सापागत वळत जातो, आन् जांभळीपाशी दमल्यागत थांबतो."

आता बांध दमला हे मी अर्जाच्या कुठल्या रकान्यात लिहू? नवरा कधी वारला विचारलं तर म्हणाली, चालत्या गाडीचा बैल बसावा तसा गेनू बसला, तो उठलाच नाही. साल विचारलं तर म्हणाली, रतन रांगत होती. रतन म्हणजे तिची मुलगी. मग रतनचं वय विचारा, त्यातून रांगण्याचं वय वजा करा, तेव्हा कुठं माझ्या कागदावर एक आकडा पडणार. एकदा मी वैतागून टाक आपटला, तर ती शांतपणे म्हणाली, "तापल्या तव्यावानी चरचरू नगासा, आनंदराव. मी सांगतेच हाय की."

बरं, बाई खुळी म्हणावी तर तसंही नाही. कुठल्या खाचरात किती बोटं पाणी ठेवायचं, कुठल्या बांधाला कधी भगदाड पडणार, हे तिला बांधावर उभं राहून कळायचं. गेनू गेल्यावर तिच्याकडं ना बैल होते ना नांगर धरणारं माणूस. ती सावडीनं चालवायची. दुसऱ्यांच्या शेतात आठ-आठ दिवस वाकून भाताची लावणी करायची आणि त्याच्या बदल्यात ते लोक येऊन तिच्या खाचरांत चिखलणी करून द्यायचे. अंगावर इरलं, कमरेपर्यंत चिखल, आणि तोंड चालूच. अशी अकरा वर्षं तिनं काढली होती. तिची वाडी ओढ्यापलीकडं. सात वर्षांपूर्वी सगळी वाडी बौद्ध झाली होती, आणि तिच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा एक फोटो आणि खाली भाताचं कणगं, एवढंच काय ते सामान.

ही गोष्ट पानशेतचं धरण फुटलं त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीची. कूळ कायद्याच्या सुनावण्या गावोगाव चालू होत्या. दुसऱ्याची जमीन खंड देऊन कसणारा माणूस म्हणजे कूळ, आणि कूळ ठरला की जमीन त्याची होणार, असा तो कायदा. साळूबाईच्या नवऱ्यानं चार खाचरं अर्धेलीनं घेतली होती. अर्धं भात मालकाला, अर्धं आपल्याला. मालक वारला, गेनू वारला, आता मालकाचा मुलगा मानसिंग भोरला राहायचा आणि त्याची म्हातारी आई सगुणाबाई पासलीच्या घरात. कायद्याची कुणकुण लागल्यावर मानसिंग गावाला आला आणि साळूबाईला म्हणाला, "पुढल्या वर्षी राब भाजू नको." राब भाजायचा नाही म्हणजे रोप टाकायचं नाही, आणि रोप टाकायचं नाही म्हणजे चालू लाग. कूळ ठरली तर खाचरं तिची, नाही ठरली तर रतनला घेऊन पुण्याला खडी फोडायला जायचं. मधलं काही नव्हतं.

मानसिंगनं जाब असा दिला होता की साळूबाई कूळ नाहीच. ती आमच्या घरच्यासारखी आहे, आमच्या आईला मदत म्हणून शेत बघते. घरचं माणूस शेत बघतं म्हणून ते कूळ होत नाही. आणि कायद्यात ते बरोबर होतं. घरचा माणूस कूळ होत नाही.

हा डाव मला चांगला माहीत होता. आदल्याच वर्षी सोनबा नावाचा एक भला माणूस ह्याच फासात अडकला. तीस वर्षं जमीन कसलेला माणूस. साहेबांपुढं उभा राहिला, समोर मालक बघितला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं बोलून गेला की मालक आमाला बापावानी, आमी त्यांच्या घरचीच. माझ्यादेखत ते कागदावर गेलं. "अर्जदार स्वतःस सामनेवाल्याच्या घरचा समजतो." संपलं. सोनबाला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण काय वाईट बोललो. चांगलंच तर बोललो म्हणाला. मी त्याच्यावर इतका ओरडलो की आसपासचे लोक जमले. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते आणि त्याचाही राग येतो, दोन्ही एकदम.

म्हणून साळूबाईची तारीख लागल्यावर मी तिला तीन वेळा बोलावून घेतलं आणि पढवलं.

"हे बघ," मी म्हणालो, "गत, वानी, सारखं, जणू. हे चार शब्द तुझ्या तोंडून निघता कामा नयेत. साहेब विचारतील तेवढंच सांगायचं. हो की नाही, किती आणि कधी."

"मंग बोलायचं काय?"

"तेच. कमी बोलायचं."

ती माझ्या टेबलाशी खाली जमिनीवर बसली होती. थोडा वेळ माझ्या हातातल्या कागदाकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ह्ये वरतं काय लिवलंय? पयलं?"

"मायबाप सरकार."

"सरकार तुमचं मायबाप हाय?"

"अगं, तशी पद्धत आहे लिहायची."

"म्हंजी तुमाला चालतं. मला न्हाई."

मी कपाळाला हात लावला. ह्या बाईशी वाद घालायची सोय नव्हती. तरी मी घोकून घेतलं. अकरा वर्षं. अर्धं भात. खळ्यावर मापून. घरातला कुणी नाही, नातं नाही. तिसऱ्या खेपेला ती पोपटासारखं म्हणाली आणि शेवटी माझ्याकडं बघून हसली. "निस्ती हाडं शिजवल्यागत लागतं ओ ह्ये बोलणं," म्हणाली. माझा जीव टांगणीला लागला होता.

सुनावणी एका शाळेच्या खोलीत होती. दौऱ्यावर आलेले साहेब मास्तरांच्या खुर्चीत बसले, शेजारी कारकून. साहेब तसे सभ्य होते, सगळ्यांना अहो-जाहो करत होते, पण त्यांना त्या दिवशी चौदा प्रकरणं उरकायची होती. मानसिंग स्वच्छ धोतर नेसून आला होता. सगुणाबाईला त्यानं बैलगाडीतून आणलं होतं आणि बाकावर बसवलं होतं. सत्तरीची बाई, डोक्यावर पदर, हातात काठी. साळूबाई तिला बघून सुतकात आल्यासारखी अवघडली.

सुरुवात मात्र छान झाली. साहेबांनी विचारलं, किती वर्षं कसता. ती म्हणाली, "अकरा वर्सं. त्येच्या आदी नवरा कसत हुता." खंड? "अर्धं भात. दर वर्साला, खळ्यावर मापून." पावती? "न्हाई." मी मनात म्हटलं, शाबास. एकही फाटा फुटला नाही.

मग मानसिंग उठला आणि म्हणाला, "साहेब, आमच्या आईला एक विचारा."

सगुणाबाई बसल्या बसल्याच बोलली. "साळू मला लेकीसारखी हाय, साहेब. रतन झाली तवा हिचं शेक-शेगडीचं म्या बघितलं. हिचा गेनू गेला तवा म्हयनाभर हिच्या घरी भाकरी म्या धाडली. तिच्याकडनं खंड घेईन का म्या? लेक माहेराला येताना कायबाय घिऊन येती, तसं ती भात आणून घालती."

खोटं बोलते आहे असं म्हणायला जागा नव्हती. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. मानसिंगनं तिला काय शिकवून आणलं होतं ते देव जाणे, पण भाकरी धाडली होती हे खरं होतं. आणि दरवर्षीचा अर्धा खंड बघता बघता लेकीची भेट होऊन बसला. मला मानसिंगच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

साहेब साळूबाईकडं वळले. "बाई, ह्या म्हणतात ते खरं का? तुम्हाला मुलीसारखं वागवलं?"

मी खोकलो. जोरात खोकलो. साळूबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती सगुणाबाईकडं बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "लेकीगतच."

मी डोळे मिटले. तीन खेपांची घोकंपट्टी, तिचं पासलीहून येणं-जाणं, माझा घसा, सगळं वाया. तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. समोर बसलेल्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर नाही म्हणणं तिला जमणार नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्या भागात ज्यानं अडीनडीला हात दिला त्याच्याविषयी चारचौघांत वाकडं बोलत नाहीत. सोनबानं तेच केलं होतं.

साहेबांनी कारकुनाला मजकूर सांगितला, कारकुनानं लिहिला आणि रिवाजाप्रमाणे वाचून दाखवला. "सामनेवाल्याची आई मला मुलगी मानते व मी त्यांच्या घरची म्हणून सदर जमीन पाहते." साळूबाईच्या अंगठ्याला शाई लावून झाली होती. कारकुनानं कागद पुढं केला.

तिनं अंगठा मागं घेतला.

"ह्यात गत न्हाई," ती म्हणाली.

"काय नाही?"

"म्या लेकीगत म्हनले. तुमी लेक लिवली."

साहेब जरा त्रासले. "बाई, त्यानं काय फरक पडतो?"

"फरक कसा न्हाई, साहेब? काकडी आंब्यागत गोड लागली म्हून तिला कुणी आढीत पिकत घालतं का? आदी ठरतं ह्यो आंबा न्हाई, तवा मंग आंब्यागत म्हनायचं. सगुणाबाईस्नी पोटची लेक हाय, सखू. मुळशीला दिलीया. तिला त्या कंदी लेकीगत म्हनल्या का ते इचारा. खऱ्या लेकीला कोन लेकीगत म्हनल?"

कारकुनाचा टाक थांबला. मी तर बावळटासारखा बघत राहिलो. जे चार शब्द मी तिच्या तोंडून उपटून काढायला निघालो होतो, त्यातल्याच एकाला धरून ती बाई उभी होती. आणि सोनबाच्या वेळी ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मला, रोज दहा अर्ज लिहिणाऱ्याला.

साहेब खुर्चीत सावरून बसले. "बरं. मग सखूमध्ये आणि तुमच्यामध्ये फरक काय, तो सांगा. तो कागदावर यायला हवा. नुसत्या एका शब्दावर मला निकाल देता येणार नाही."

आता साळूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. सगळी खोली तिच्याकडं बघत होती आणि ती जमिनीकडं. साहेबांनी घड्याळ बघितलं. मी राहवेना म्हणून पुढं झालो आणि दबक्या आवाजात म्हणालो, "सांग की बाई. आता गप्प का?"

"नगं वाटतं ओ," ती म्हणाली.

"नको वाटून कसं चालेल? राब भाजायचाय ना पुढच्या वर्षी?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आवडत नाही. मग ती साहेबांकडं तोंड करून बोलली, आणि त्या बोलण्यात एकसुद्धा उपमा नव्हती.

"मळणीच्या दिशी सगळ्यांस्नी त्यांच्या घरी जेवण असतं. सखू सैपाकघरात जेवायची. मी गोठ्यामागं. पत्रावळ लांबनं सरकवायच्या. पाणी वरनं वतायच्या, मी वंजळीत घ्यायचे. जेवून झालं की ती जागा मी शेणानं सारवायची आन् मंग जायची. बाळातपनात शेक-शेगडी केली, खरं हाय. दाराबाह्यर उभं ऱ्हाऊन सांगितलं, केलं आमच्या वाडीतल्या फुलाबाईनं. भाकरी धाडली, ती वड्याच्या धोंड्यावर ठिवून गडी माघारी जायचा. आमी बुद्धाचं झालो तवापासनं मी गोठ्यामागं जेवत न्हाई, माझी भाकर बांधून न्हेते. त्या घराचा उंबरा म्या अजून वलांडला न्हाई, साहेब. चूल कुठल्या अंगाला हाय ते मला म्हाईत न्हाई."

मानसिंग म्हणाला, "हे आता काढायची काय गरज होती?"

सगुणाबाईनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि काठी दोन्ही हातांनी धरून बसली. साहेबांनी सावकाश, शब्द न शब्द लिहून घेतला. कारकुनानं परत वाचून दाखवलं. साळूबाईनं अंगठा दिला, शाई लुगड्याला पुसली आणि कुणाकडं न बघता बाहेर गेली.

मी खूश होतो. खोटं कशाला सांगू, मी बाहेर येऊन तिला म्हणालो की आता निकाल आपलाच. ती डोक्यावर पदर घेऊन वाटेला लागली. दहा वर्षं ती माझ्याकडं येत होती, तिच्या खाचरांची लांबी-रुंदी मला पाठ होती, पण ती कुठं बसून जेवते हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. अर्जाला लागत नव्हतं.

निकाल दीड महिन्यानं आला. साळूबाई कूळ ठरली. तिला निरोप धाडला तर चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली, टेबलाशी बसली आणि म्हणाली, "वाचा." मी निकालाचा शेवट वाचला. "समदं वाचा," ती म्हणाली. मग मी पहिल्यापासून वाचलं. गोठ्यामागचं जेवण, ओंजळीतलं पाणी, शेणाचं सारवण, सगळं त्यात आलं होतं. अर्जदार ही सामनेवाल्याच्या घरची व्यक्ती नसल्याचे यावरून सिद्ध होते, असं खाली लिहिलं होतं.

तिनं ते पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ह्ये जेवणाचं खोडून मिळंल का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "खोडून?"

"निकाल लागला न्हवं? आता त्येचं काय काम? एक अर्ज लिवा, म्हनावं एवढं काढा."

"अगं, त्याच्यावरच तर निकाल लागलाय," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. "ते काढलं तर राहिलं काय? मानसिंग उद्या वर अपील करेल, तेव्हा तेच तर दाखवायचंय. कशाला खोडायचंय तुला?"

"म्हातारी माज्याशी बोलत न्हाई. नवं भात घिऊन गेले तर पाठ करून बसली. तिचं वय झालंय. ती मेल्यावर ह्यो कागुद ऱ्हाणार. तिच्या नातवंडांनी वाचला तर तिला काय म्हन्तील?"

"खरं तेच म्हणतील. तू काय खोटं बोललीस का?"

"खोटं न्हाई."

"मग?"

"तुमी म्हनाला, शेत पायजे तर सांग. म्या सांगितलं. आता त्या कागदात ती निस्ती वाईट दिसती."

मी चिडलो. इतकी मेहनत, इतकी वर्षं, आणि जिंकून आलेली बाई माझ्यापुढं बसून जिंकलेला कागद खराब करून मागत होती. मी तिला म्हणालो, "साळूबाई, एक काय ते ठरव. ती तुला लेकीसारखी वागवत होती की नव्हती?"

ती उठली. निकालाची नक्कल तिनं घडी करून पदरात बांधली, दोन गाठी मारल्या.

"वागवत व्हती ओ," ती म्हणाली. "तिला जेवढं जमलं तेवढं."

मी अर्जासाठी कोरा कागद काढला होता. तो बराच वेळ समोर ठेवून बसलो. पण कुणाला लिहायचं आणि काय मागायचं ते मला ठरवता येईना, आणि तोवर तिची एसटी निघून गेली होती.